छताला लाकडी पॅनल: फळी सगळ्यात शेवटी

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये लाकडी छत करून वर्ष झालं की तीन तक्रारी ठरलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये फळ्यांमधून काळ्या फटी दिसायला लागतात. ऑगस्टमध्ये तेच छत मधोमध फुगून खाली येतं. आणि एखादा दिवा गेला की त्याच्या ड्रायव्हरपर्यंत (दिव्याला वीज पुरवणाऱ्या छोट्या डब्यापर्यंत) हात पोचत नाही, म्हणून चांगली फळी उचकटावी लागते. यातली एकही चूक फळी ठोकण्याच्या दिवशी झालेली नसते. ती पंधरा-वीस दिवस आधी झालेली असते, कारण आधी दुकानात पॅनलची शेड पसंत होते आणि स्लॅब, वायरी, पंखा यांचा विचार नंतर होतो.

खाली दिलेला क्रम पाळा. उदाहरणासाठी एक हॉल धरला आहे: १० फूट × १४ फूट, फरशीपासून स्लॅबपर्यंत उंची साडेनऊ फूट, गॅलरीचं दार १० फुटी भिंतीत. साहित्य १२ मिमी जाडीच्या खऱ्या लाकडाच्या टंग-ग्रूव्ह फळ्या, म्हणजे एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच. वाड्यातल्या तक्तपोशीची (लाकडी छताची) आठवण म्हणून हल्ली बरेच जण हेच मागतात. प्लाय, व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) वापरणार असाल तर फरक त्या-त्या ठिकाणी सांगितला आहे.

## १. कोणतं पॅनल कुठे

हे पटकन उरकू, कारण इथे फार पर्याय उरत नाहीत.

हॉल आणि बेडरूमला खरं लाकूड, व्हिनिअर लावलेला प्लाय किंवा एमडीएफच्या पट्ट्या, काहीही चालतं. बाथरूम आणि धुण्याच्या गॅलरीत फक्त पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकूड-प्लॅस्टिकच्या मिश्रणाचा बोर्ड. एमडीएफची कापलेली कड पाणी पिते आणि एकदा फुगली की पुन्हा बसत नाही. शेगडीच्या वर लाकूड नकोच. तिथे जिप्सम बोर्ड ठेवा आणि लाकूड डायनिंगच्या बाजूला थांबवा.

प्लाय घेताना शीटवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ हा साधा प्लाय, आयएस ७१० मरीन, आयएस ५५०९ आगरोधक, आणि आयएस १३२८ व्हिनिअर चिकटवून येणारा सजावटीचा प्लाय. वरच्या मजल्यावर बाथरूम असेल तर ७१०.

व्हिनिअर किंवा लॅमिनेट कारखान्यातून चिकटवून न आणता सुतारांकडून चिकटवणार असाल, तर मागच्या बाजूलाही बॅकिंग, म्हणजे तसाच पातळ थर, लावून घ्या. एकाच बाजूला चिकटवलेला ६ किंवा ९ मिमीचा प्लाय हमखास वाकतो. जमिनीवर ठेवलेला असताना ते दिसत नाही, छताला लागल्यावर दोन महिन्यांत दिसतं.

## २. आधी स्लॅब कोरडा आहे का ते पाहा

लाकूड वरून ओलं झालं की खालून डाग दिसेपर्यंत महिना-दोन महिने जातात. तोवर फळ्या ज्यांवर ठोकतात त्या फ्रेमच्या पट्ट्यांना बुरशी लागलेली असते. म्हणून ही पायरी वगळून पुढची कुठलीच करू नका.

१. बॅटरीचा झोत स्लॅबला जवळजवळ समांतर धरून सगळं छत पाहा. पांढरट लोणा, रंगाचे फुगे, तपकिरी कडा असलेलं वर्तुळ यांपैकी काहीही दिसलं की खडूने खूण करा.

२. दीड फूट × दीड फूट पॉलिथिनचा जाड तुकडा स्लॅबला चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक खोलीच्या मधोमध, एक वरच्या बाथरूमच्या भिंतीलगत, एक बाहेरच्या बीमजवळ. २४ तासांनी काढा. आतल्या बाजूला दव जमलं असेल किंवा स्लॅबचा तेवढा चौकोन गडद झाला असेल, तर ओल आहे.

३. वर बाथरूम असेल तर तिथल्या नहाणीचं तोंड बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवायला सांगा. वरच्या मजल्यावरच्या मंडळींशी हे बोलणं अवघड असतं, मान्य. पण छत झाल्यावर गळतीबद्दल बोलणं त्याहून अवघड असतं.

४. शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर निदान एक मोठा पाऊस जाऊ द्या.

इशारा: ओलीच्या जागी आतून वॉटरप्रूफ रंग मारून पुढे जाऊ नका. पाणी रंगामागून सरकतं आणि दुसरीकडे उतरतं. गळती वरून बंद होते, खालून नाही.

## ३. कागदावर छत

पेन्सिल, मीटर टेप आणि एक कागद. ड्रॉइंग सुबक असायची गरज नाही, पण त्यावर चार गोष्टी असायलाच हव्यात.

स्लॅब कसला आहे. नव्या इमारतींपैकी काहींमध्ये स्लॅबच्या आत ताणलेल्या पोलादी तारा असतात, ज्याला पोस्ट-टेन्शन स्लॅब म्हणतात. अशा स्लॅबला ड्रिल मारण्याआधी सोसायटीकडून किंवा बिल्डरकडून लेखी परवानगी आणि तारांचा नकाशा घ्या. साध्या स्लॅबमध्येही पंख्याच्या आणि दिव्याच्या वायरींचे पाइप काँक्रीटमध्येच असतात. पंख्याच्या बॉक्सपासून स्विचबोर्डाच्या भिंतीकडे जाणारा सरळ पट्टा कागदावर रेखाटून ठेवा आणि तिथे वायरी शोधणारा डिटेक्टर फिरवल्याशिवाय भोक पाडू नका.

किती उतरायचं. पट्ट्या थेट स्लॅबला मारल्या तर ३८ मिमीची पट्टी, १२ मिमीची फळी आणि स्लॅबच्या वाकडेपणासाठी २५ मिमीपर्यंत पॅकिंग, म्हणजे फार तर ३ इंच. साडेनऊ फुटांतून सव्वानऊ उरतात. आत एसीचा पाइप किंवा खोल दिवे घ्यायचे असतील तर जीआय (जस्त चढवलेल्या पोलादी पत्र्याच्या) चॅनलचं टांगलेलं फ्रेम लागतं आणि ६ इंच जातात. स्लॅबपर्यंत नऊ फूटच मिळत असतील तर ६ इंच उतरू नका. मोबदल्यात मिळतो तो फक्त कोंदटपणा.

पंखा. पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगायचा. फळीला किंवा फ्रेमला कधीही नाही. पाती आणि फळी यांत निदान १० इंच अंतर हवं, नाहीतर पंखा फिरतो पण वारा लागत नाही. पाती जमिनीपासून ७ फुटांच्या खाली येता कामा नयेत. ३ इंच उतरलात तर बहुतेक वेळा जुनाच रॉड चालतो. ६ इंच उतरलात तर लांब रॉड आधीच आणून ठेवा.

स्प्रिंकलर आणि धुराचा सेन्सर. उंच इमारतीत हे असतात. त्यांना फळीने झाकायचं नाही, रंगवायचं नाही आणि घरच्या प्लंबरकडून खाली घ्यायचं नाही. सोसायटीच्या अग्निशमन यंत्रणेचा ठेकेदारच ते काम करतो. त्याची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून आजच विचारा.

## ४. माप आणि मागणी

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. दुकानदार १४० चौरस फुटांवर ५ टक्के धरून १४७ चौरस फूट माल देतो. हिशेब करून बघू.

फळीची दिसणारी रुंदी ९५ मिमी आणि लांबी ८ फूट, म्हणजे २४४० मिमी. १४७ चौरस फुटांत अशा ५९ फळ्या येतात.

आता खोली. १० फूट म्हणजे ३०५० मिमी. दोन्ही भिंतींजवळ १० मिमी फट सोडायची, म्हणजे ३०३० उरले. ९५ ने भागलं तर ३१ पूर्ण ओळी आणि ८५ मिमीचा तुकडा. एका भिंतीशी पूर्ण फळी आणि दुसरीकडे अरुंद फळी ठेवण्यापेक्षा ३० पूर्ण ओळी ठेवा. उरलेले १८० मिमी दोन्ही भिंतींजवळ ९०-९० असे वाटा. एकूण ३२ ओळी.

लांबीला १४ फूट म्हणजे ४२७० मिमी. फटी वजा करून ४२५०. एका ओळीत एक अख्खी फळी आणि १८१० मिमीचा तुकडा. म्हणजे ३२ ओळींना ६४ फळ्या. मागवलेल्या मालात ५ कमी, आणि त्यात गाठ निघालेल्या, पिळलेल्या फळ्या अजून धरलेल्याच नाहीत. उरलेले दोन-दोन फुटी तुकडे जोडून ओळ भागवता येते, पण मग हॉलच्या मधोमध ठिगळं दिसतात. ७० फळ्या मागवा. नंतर आणलेल्या पाच फळ्यांची शेड कधीच जुळत नाही.

तुमच्या खोलीत भागाकार केल्यावर शेवटचा तुकडा ४०-५० मिमीपेक्षा अरुंद निघाला, तर एक पूर्ण ओळ कमी करा आणि तिची रुंदी त्या तुकड्यात मिळवून दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी द्या. समजा तुकडा १२ मिमीचा निघाला: ९५ आणि १२ मिळून १०७, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेत्रेपन्न.

फळ्यांची दिशा खिडकीकडून आत येणाऱ्या उजेडाला समांतर ठेवा. आडव्या लावल्या तर प्रत्येक सांध्याची सावली पडते आणि अर्ध्या मिमीचा उंच-सखलपणाही दुपारी चारच्या उन्हात उठून दिसतो. आपल्या हॉलमध्ये गॅलरी १० फुटी भिंतीत आहे, म्हणून फळ्या १४ फुटांच्या दिशेने धावतील आणि पट्ट्या १० फुटांच्या.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये खरेदी करणार असाल तर ओलावा मोजायचं पिनांचं मीटर खिशात न्या. टोकाला मोजू नका, टोक आधी सुकतं. फळीच्या मधोमध, तीन-चार वेगवेगळ्या गठ्ठ्यांत मोजा. ८ ते १२ टक्के ठीक. १५ दाखवलं तर तो माल, मग तो बल्लारशाचा साग असो की बाहेरून आलेला पाइन, घेऊ नका. "लावल्यावर सुकेल" हे खरं आहे, आणि नेमकं तेच नको आहे.

तपासा: ८ फुटी फळी बहुतेक लिफ्टमध्ये उभी मावत नाही. जिन्याने चढवायचे हमाल आणि सोसायटीच्या कामाच्या वेळा आधी ठरवा. वळणावर आपटलेली जीभ म्हणजे बाद झालेली फळी.

## ५. लाकूड घरात मुरू द्या

पावसाळ्यात बाथरूमचं दार अडकतं आणि मार्चमध्ये आपोआप सुटतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. छतातही तेच घडतं, फक्त बत्तीस वेळा शेजारी-शेजारी.

आकडा असा. लाकडातला ओलावा ६ टक्क्यांनी बदलला तर ९५ मिमी रुंदीची सागाची फळी, तिचा काप कसा आहे त्यानुसार, अर्धा ते एक मिमी कमी-जास्त होते. बत्तीस ओळींचा मिळून सरळ पट्टा असता तर तो ३० मिमीपर्यंत हलला असता. टंग-ग्रूव्हमुळे हे हलणं प्रत्येक सांध्यात थोडं-थोडं वाटलं जातं. पण वाटलं जाण्यासाठी सांध्यात जागा हवी आणि भिंतीशी फट हवी.

म्हणून माल आल्याबरोबर:

१. सगळे गठ्ठे सोडा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला माल घरात महिनाभर पडला तरी मुरत नाही.

२. ज्या खोलीत लावायचा त्याच खोलीत, जमिनीवर पट्ट्या ठेवून रचा. प्रत्येक थरामध्ये दीड-दोन फुटांवर समान जाडीच्या चिपा. भिंतीला टेकवून उभ्या ठेवलेल्या फळ्या धनुष्य होतात.

३. निदान ७ दिवस थांबा. खिडक्या रोजच्यासारख्या उघडा-बंद करा. पुट्टी, प्लास्टर, फरशीचं ग्राउटिंग ही सगळी ओली कामं याआधी संपून वाळलेली हवीत.

४. मीटरने पहिल्या आणि सातव्या दिवशी त्याच पाच फळ्या मोजा. त्यानंतर आकडा दोन दिवस हलला नाही की पुढे जा.

या आठवड्यात पॉलिश उरकून घ्या. फळी खाली असतानाच पुढची बाजू, मागची बाजू, दोन्ही कडा आणि कापलेली टोकं, सगळीकडे. मागे निदान सीलरचा एक हात. पुढून पॉलिश आणि मागून कोरी अशी फळी एका बाजूनेच सादळते आणि पन्हाळीसारखी वाकते. छत मधोमध फुगून खाली येण्याचं हेही एक कारण असतं. पाऊस धरलेला असेल त्या दिवशी मेलामाइन किंवा लॅकर मारू नका. हवेतली ओल फिल्ममध्ये अडकते आणि पॉलिश दुधाळ दिसतं.

पॉलिश वाळल्यावर सगळ्या फळ्या जमिनीवर ओळीने मांडा. गडद-फिकट मिसळा, मोठ्या गाठी कोपऱ्याकडे न्या, मागे खडूने ओळ क्रमांक टाका. एका गठ्ठ्यातल्या फळ्या सलग लावल्या तर छतावर डाग पडल्यासारखा पट्टा दिसतो. तासाभराचं काम आहे, पण बहुतेक ठिकाणी ते होतच नाही.

## ६. लेव्हल

फरशीवरून वर माप घेऊ नका. फरशीला दाराकडे किंवा गॅलरीकडे उतार असतो आणि तोच उतार छताला जातो.

लेसर खोलीच्या मध्यावर ठेवून चारी भिंतींवर छातीच्या उंचीला एक रेघ पाडा. लेसर नसेल तर पाण्याची लेव्हल-नळी तितकीच खरी. फक्त आत हवेचा बुडबुडा नको. त्या रेघेपासून स्लॅबपर्यंतची उंची दोन-दोन फुटांवर मोजून आकडे स्लॅबवरच पेन्सिलने लिहा. सगळ्यात लहान आकडा जिथे असेल तो स्लॅबचा सर्वांत खाली आलेला बिंदू. पट्टीची खालची पातळी तिथून ठरते: त्या बिंदूपासून ४० मिमी खाली, म्हणजे ३८ ची पट्टी आणि २ मिमी सैल. बाकी सगळीकडे पॅकिंग येईल.

सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक २५ मिमीपेक्षा जास्त असेल तर थेट पट्ट्यांचा हट्ट सोडा आणि जीआय चॅनलवर जा. ४० मिमीचं पॅकिंग म्हणजे चार तुकडे एकावर एक, आणि त्यातला एक तरी निसटतो.

## ७. फ्रेम

पट्टी दोन बाय दीड इंच, म्हणजे ५० × ३८ मिमी, प्रक्रिया केलेल्या सुक्या लाकडाची. ५० ची बाजू खाली. पट्टीखालून बारीक पिवळी भुकटी गळत असेल तर तिच्यात कीड आहे. ती घरात आणूच नका. वाळवीचा इतिहास असलेल्या इमारतीत लाकडी पट्टीऐवजी जीआयच घ्या.

पट्ट्यांचं अंतर सांध्यांवरून ठरतं. "सोळा इंचांवर पट्टी" असं पाठ म्हणून मारत गेलात तर फळीचा सांधा हवेत येतो. आपल्या हॉलमध्ये एका ओळीत अख्खी फळी आधी आणि तुकडा नंतर, पुढच्या ओळीत उलट. त्यामुळे सांधे भिंतीपासून १८२० आणि २४५० मिमीवर येतात. तिथे पट्टीचा मध्य हवा. मग त्या दोहोंच्या मधोमध एक, दोन्ही भिंतींपासून ४० मिमीवर एकेक, आणि उरलेल्या जागेत ३५६ मिमी अंतराने. एकूण १३ पट्ट्या. कुठेच ४०० मिमीपेक्षा जास्त अंतर नाही.

१. स्लॅबवर १३ रेघा दोरीने मारा. वायरींच्या पाइपचा पट्टा वेगळ्या रंगाने.

२. प्रत्येक पट्टीला ६ जागी फास्टनर. टोकाचे दोन भिंतीपासून ७५ मिमीवर. एकूण ७८ भोकं. ड्रिलच्या बिटवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे स्लॅबमध्ये ५० मिमीपेक्षा खोल जाणार नाही. सळई लागली तर जोर लावू नका, दोन इंच सरकून दुसरं भोक.

३. धातूचा प्रसरण पावणारा फास्टनर वापरा. डोक्यावर टांगलेल्या लाकडासाठी प्लॅस्टिकची गिट्टी नको. भोकात भुकटी राहिली तरी ती सुटते आणि उष्णतेने मऊ होते. भोक फुंकून नाही, पंपाने किंवा ब्रशने साफ करा. डोळ्यांना गॉगल लावूनच.

४. पॅकिंगला प्लायचे तुकडे, फास्टनर त्यातून आरपार. कागदाच्या घड्या किंवा जिप्समचे तुकडे नकोत.

५. भिंतीपासून पट्टीचं टोक १० मिमी आत.

तपासा: या हॉलचं छत साधारण १०० किलो फळ्या आणि ४० किलो पट्ट्यांचं. ७८ जागी वाटलं तर एका फास्टनरवर दोन किलोसुद्धा येत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एक सुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर जातो. म्हणून प्रत्येक पट्टीच्या एका फास्टनरशेजारी रंगाचा २० लिटरचा डबा पाण्याने भरून दहा मिनिटं टांगा. पट्टी एक सूतही हलली तर ती पूर्ण पुन्हा बसवा. मिस्त्री पट्टीला लोंबकळून "बघा, हलत नाही" असं दाखवतात, ते करू देऊ नका.

मग ८ फुटी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आडवी, उभी आणि तिरकी लावून पाहा. मधे २ मिमीपेक्षा जास्त उजेड दिसला तर पॅकिंग बदला. फळी ठोकून हा फरक जात नाही; फळी फ्रेमचा आकार घेते.

## ८. बंद करण्याआधी

फ्रेम उघडं असताना इलेक्ट्रिशियनला शेवटचं बोलवा. वायरी पीव्हीसी पाइपमधूनच, आगीत कमी धूर करणाऱ्या. जोड फक्त जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टर लावून. पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड लाकडाच्या वर ठेवायचा नाही, एवढं एक ऐकाच.

प्रत्येक दिव्याची जागा फळीच्या मध्यावर आणि पट्टीपासून निदान ५० मिमी लांब आणा. भोक सांध्यावर आलं की तिथली जीभ तुटते. ड्रायव्हर दिव्याच्या भोकातून बाहेर ओढता येईल इतका लहान घ्या आणि वायर एक फूट जास्त सोडा. मोठा ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठी झडप ठेवा. पंख्याच्या हुकाभोवतीही एक फूट चौकोनी भाग स्क्रूने निघेल असा करा.

एसीचा पाइप वर जात असेल तर त्याच्यावरचं इन्सुलेशन सांध्यांसह पूर्ण गुंडाळलेलं पाहा. दमट दिवसांत उघड्या तांब्याला घाम सुटतो आणि तो थेंब-थेंब फळीवर पडतो.

सगळे दिवे, पंखा, एसी एकदम चालू करून दोन तास ठेवा. बॉक्सला हात लावा. गरम लागला तर जोड ढिला आहे. मग मोबाइलवर चारी कोपऱ्यांपासून पूर्ण छताचे फोटो काढा, मीटर टेप फोटोत दिसेल असे. पुढे कधी झुंबर टांगायचं झालं तर हाच नकाशा.

## ९. फळ्या

आता फळी.

१. पहिली ओळ भिंतीवरून नाही, दोरीवरून. भिंत १४ फुटांत १०-१५ मिमी सहज वाकडी असते. भिंतीपासून १०० मिमीवर दोरीची सरळ रेघ, म्हणजे १० ची फट आणि ९० ची फळी.

२. पहिली फळी खाचेच्या बाजूने कापून ९० मिमी करा. कापलेली कड भिंतीकडे, जीभ खोलीकडे. भिंतीकडचा खिळा समोरून, तो पुढे कडेच्या सजावटी पट्टीखाली जाईल. खोलीकडचा खिळा जिभेच्या मुळाशी, तिरका.

३. भिंत आणि फळी यांत १० मिमीच्या चिपा ठेवा. काम संपल्यावर काढायच्या आहेत, विसरू नका. आत राहिलेल्या चिपा म्हणजे फट न सोडल्यासारखंच.

४. पुढच्या ओळी: खाच जिभेवर, ठोकताना मधे लाकडाचा वाया गेलेला तुकडा. हातोडा थेट जिभेवर नाही. प्रत्येक पट्टीवर एक ३८ मिमीचा खिळा. पूर्ण छताला साडेचारशेच्या आसपास लागतात.

५. सांध्यात किती जागा सोडायची हे महिन्यावर ठरतं. मार्च ते मेमध्ये लावत असाल तर फळी सगळ्यात आकसलेली आहे. दोन फळ्यांमध्ये जुनं एटीएम कार्ड सरकेल इतकी फट ठेवा. कार्डाची जाडी पाऊण मिमी असते, नेमकी हवी तेवढी. जुलै-ऑगस्टमध्ये लावत असाल तर हाताने दाबून घट्ट बसवा. फटी नंतर आपोआप पडतील. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अर्धं कार्ड म्हणा, म्हणजे जेमतेम दिसेल इतकी.

६. गोंद नको. जिभेत गोंद भरला की सगळ्या फळ्या मिळून एकच पाट होतो आणि आकसताना सगळ्यात कमजोर जागी एकच मोठी चीर पडते.

७. दर पाच ओळींनी समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर तीन जागी मोजा. ३ मिमीपर्यंतचा फरक पुढच्या पाच ओळींत थोडा-थोडा मिटवा. शेवटच्या ओळीपर्यंत ढकलला तर तो पाचराच्या आकाराची फळी होऊन सगळ्यांना दिसतो.

८. शेवटची ओळ: रुंदी प्रत्येक पट्टीपाशी वेगळी मोजून कापा. १० मिमीची फट इथे कामी येते. फळी भिंतीकडे सरकवून वर न्यायची आणि मग मागे खेचून खाच जिभेवर बसवायची. तरी बसत नसेल तर खाचेचा वरचा, न दिसणारा ओठ पटाशीने काढा.

इशारा: एक माणूस, एक शिडी, ८ फुटी फळी हे गणित जमत नाही. दोन लाकडी घोड्यांवर फळकूट टाकून परांची करा आणि दोन माणसं ठेवा. एकट्याने धरलेली फळी दुसऱ्या टोकाला झुकते आणि जीभ तिथेच तडकते.

वाटेत एखादी फळी मनाविरुद्ध बसली तर त्याच वेळी काढा. पुढे चार ओळी गेल्यावर तिच्यासाठी चारही काढाव्या लागतात.

व्हिनिअरचे मोठे चौकोन लावत असाल तर कार्ड-कार्ड खेळू नका. प्रत्येक चौकोनात सरळ ३ ते ५ मिमीची खोबण ठेवा आणि तिलाच डिझाइन म्हणा. नमद्यावर (दाबून केलेल्या जाड कापडावर) पट्ट्या चिकटवलेली तयार पॅनल असतील तर स्क्रू पट्ट्यांमधल्या काळ्या नमद्यातून फ्रेमच्या पट्टीपर्यंत गेला पाहिजे. भिंतीला ती नुसत्या चिकटद्रव्यावर राहतात, छताला राहत नाहीत.

## १०. कडेची पट्टी

कडेची सजावटी पट्टी भिंतीला ठोका, फळीला नाही. फळी तिच्या मागे मोकळी सरकली पाहिजे. पट्टी फळीलाही ठोकली किंवा फटीत सिलिकॉन भरलं की सोडलेल्या १० मिमीला काही अर्थ उरत नाही, शिवाय वरची हवा कोंडते. भिंतीचा शेवटचा रंग पट्टी लागल्यावर. पट्टीच्या कडेला कागदी टेप लावल्याशिवाय रंगाऱ्याला ब्रश उचलू देऊ नका.

दिव्यांची भोकं आता, होल-सॉने, फळीच्या दिसणाऱ्या बाजूकडून. मागून मारलं तर पॉलिशची कड उडते. कापलेल्या कडेला सीलरचा हात.

## ११. पहिले बारा महिने

पहिल्या मेमध्ये सांधे थोडे उघडतील. त्यांत पुट्टी किंवा फटी बुजवायचा लाकडी लगदा भरू नका. जूनमध्ये तीच बाहेर ढकलली जाते. पहिल्या जोरदार पावसानंतर बॅटरी तिरकी धरून एकदा बाथरूमच्या बाजूचा कोपरा पाहा आणि झडप उघडून आत हात घाला.

साफसफाईला कोरडा मऊ ब्रश किंवा व्हॅक्यूम. ओलं फडकं नको. एसीची हवा थेट फळ्यांवर जात असेल तर झडपा खाली वळवा. तेवढाच पट्टा इतरांपेक्षा आधी सुकतो आणि तिथेच रेघ पडते.

उरलेल्या चार-पाच फळ्या माळ्यावर आडव्या, चिपांवर ठेवा. पॉलिशच्या डब्याचं नाव आणि शेड क्रमांक त्यातल्याच एका फळीच्या मागे लिहून ठेवा.